चालू कॉम्प्युटर बाद कसा होतो? जुने यंत्र, नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणि ओझे वाहणारे खांदे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्या दिवशी एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नेहमीसारखे सुरू झाले. तरीही जगभरातली कोट्यवधी चालू मशीन त्या तारखेनंतर 'जुनी' ठरली, कारण विंडोज ११ त्यांना आत घेत नाही आणि विंडोज १० ला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. कार्यालये आणि कंपन्या अशी मशीन काढतात, तेव्हा त्यातली काही दान म्हणून विहारांच्या अभ्यासिकांत, वस्तीतल्या वाचनालयांत, मुलामुलींच्या वसतिगृहांत येतात. म्हणजे हा प्रश्न फिरून आपल्या दारात येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचा सराव, जात पडताळणीची कागदपत्रे स्कॅन करणे ही कामे आपली मुले याच मशीनवर करतात.

बिघडलेले नसलेले यंत्र बाद का होते, याचे उत्तर दोन टोकांचे मिळते. एक म्हणजे "तंत्रज्ञान पुढे गेले, इलाज नाही". दुसरे म्हणजे "कंपन्यांची लूट आहे, लिनक्स टाका, सगळे सुटेल". दोन्ही उत्तरांत अर्धे सत्य आहे. मी इंजिनिअर नाही, समाजशास्त्राची विद्यार्थी आहे. पण कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे आणि त्याची किंमत कोणी मोजायची हा माझ्या विषयाचा प्रश्न आहे. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारे लोक गेली चाळीस वर्षे नेमक्या याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. त्यांचे अनुभव कार्यकर्त्यांनीही वाचावेत इतके बोलके आहेत.

एक नळ, वीस हंडे

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीन आणि आपले प्रोग्राम यांच्यामधली व्यवस्था. ब्राउझर चालू आहे, मागे गाणे वाजते आहे, एक फाइल डाउनलोड होते आहे, टायपिंगही चालू आहे. आपल्याला वाटते सगळे एकाच वेळी चालले आहे. जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर एकच असे. तो सेकंदाच्या छोट्या छोट्या तुकड्यांत एकाचे काम सोडून दुसऱ्याचे हाती घेई. आजच्या प्रोसेसरमध्ये चार-आठ कोअर असतात, पण चालू प्रोग्राम त्याहून कितीतरी जास्त, म्हणून पाळी लावावीच लागते. सार्वजनिक नळ एक आणि हंडे वीस, असा हा प्रकार आहे.

पाळी लावण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत ज्याचा हंडा नळाखाली आहे त्याने स्वतःहून बाजूला व्हायचे. विंडोज ३ आणि अॅपलच्या जुन्या मॅक सिस्टीम अशाच चालत. एखादा प्रोग्राम अडकला किंवा हटलाच नाही तर बाकी सगळे ताटकळत. दुसऱ्या रीतीत सिस्टीमच्या हातात घड्याळ असते. वेळ संपली की ती हंडा उचलून बाजूला ठेवते आणि पुढच्याचा लावते. याला प्रीएम्प्टिव्ह मल्टिटास्किंग म्हणतात. पहिल्या रीतीत पाणी मिळणे शेजाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून, दुसऱ्या रीतीत नियमावर. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांना या दोहोंतला फरक समजावून सांगायला नको.

पण नुसती पाळी लावून भागत नाही. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत हात घातला तर दोघेही कोसळतात, कधी सगळी सिस्टीमच कोसळते. हे रोखण्यासाठी मेमरीला होणारा प्रत्येक स्पर्श तपासावा लागतो. असे स्पर्श सेकंदाला कोट्यवधी होतात. त्यांची तपासणी सॉफ्टवेअरने करायची म्हटली तर दुसरे काही कामच होणार नाही, म्हणून ती प्रोसेसरमध्येच बसवलेली असावी लागते. गोम इथे आहे. ऑपरेटिंग सिस्टीम कितीही हुशारीने लिहिली, तरी जी सोय चिपमध्ये नाही ती तिला पूर्ण देता येत नाही. देण्याचा आव आणता येतो, पण त्याची किंमत मोजावी लागते.

तिसरी गरज मेमरी पुरवून वापरण्याची. अभ्यासिकेतले टेबल म्हणजे रॅम आणि दुसऱ्या खोलीतले कपाट म्हणजे हार्ड डिस्क, असे समजा. टेबलावर जागा संपली की लगेच न लागणारी पुस्तके कपाटात ठेवायची आणि लागतील तशी आणायची. मेमरीची सारख्या आकाराची 'पाने' पाडून हे काम करण्याला पेजिंग म्हणतात. यालाही प्रोसेसरची मदत लागते. पण टेबल फारच लहान असेल तर वाचणे बाजूला राहते आणि दिवस पुस्तके ने-आण करण्यात जातो. जुना कॉम्प्युटर 'हँग' होतो आणि हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो, तेव्हा बहुतेकदा हेच चाललेले असते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून एखादी गोष्ट आणायला रॅमच्या तुलनेत साधारण एक लाख पट वेळ लागतो. मशीन मेलेले नसते, ते कपाटाकडे खेपा घालत असते.

२८६ ला दिलेला शब्द

आयबीएमने १९८१ मध्ये पर्सनल कॉम्प्युटर आणला. त्यावरची डॉस ही सिस्टीम एका वेळी एकच प्रोग्राम चालवी आणि प्रोग्रामांना ६४० किलोबाइट एवढीच मेमरी मिळे. १९८४ मध्ये 'पीसी एटी' हे पुढचे मशीन आले. त्यात इंटेलचा ८०२८६ हा प्रोसेसर होता. लोक त्याला नुसते २८६ म्हणत. या चिपला दोन अवस्था होत्या. 'रिअल मोड'मध्ये ती जुन्या चिपसारखी वागे आणि डॉसचे प्रोग्राम चालवी. 'प्रोटेक्टेड मोड'मध्ये ती १६ मेगाबाइटपर्यंत मेमरी वापरू शके आणि एका प्रोग्रामला दुसऱ्यापासून संरक्षण देऊ शके. म्हणजे मल्टिटास्किंगला हवी ती सोय चिपमध्ये होती.

अडचण वेगळीच होती. रिअल मोडमधून प्रोटेक्टेड मोडमध्ये जाता येई, पण परत यायला रस्ताच ठेवलेला नव्हता. नव्या घरात गेलेला माणूस जुन्या घरी कधीच परतणार नाही असे गृहीत धरूनच जणू ही चिप बनवली होती. पण लोकांची सगळी कामे, सगळे प्रोग्राम, सगळे हिशेब जुन्या घरात होते.

१९८५ मध्ये आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून नवी सिस्टीम बनवायचा करार केला. तीच पुढे ओएस/२ या नावाने आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने ३८६ हा प्रोसेसर जाहीर केला. त्यात पेजिंग होते, ३२ बिटची ताकद होती आणि शिवाय एक फार कामाची सोय होती. नव्या अवस्थेत राहूनच तो आपल्या आत अनेक 'जुने कॉम्प्युटर' तयार करू शके. प्रत्येक डॉस प्रोग्रामला वाटे की अख्खे मशीन आपलेच आहे, आणि खरा ताबा सिस्टीमकडे राही. नव्या सिस्टीमला हवे होते ते सगळे इथे होते. १९८६ मध्ये कॉम्पॅक कंपनीने ३८६ चे मशीन बाजारात आणलेही.

पण आयबीएमने आग्रह धरला की ओएस/२ २८६ वर चाललीच पाहिजे. कंपनीने एटी मशीन मोठ्या प्रमाणावर विकली होती आणि त्या ग्राहकांना नव्या सिस्टीमची आशा दाखवली होती. शब्द पाळायचा होता. वरवर पाहता ही भूमिका आपल्यालाही पटण्यासारखी आहे. जुने मशीन असलेल्याला वाऱ्यावर सोडू नका, हेच तर आपण म्हणतो.

डिसेंबर १९८७ मध्ये ओएस/२ आली, तेव्हा त्या शब्दाची किंमत दिसली. परतीचा रस्ता नसल्यामुळे एक अजब युक्ती वापरावी लागे. एटी मशीनमध्ये प्रोसेसर रीसेट करणारी एक तार कीबोर्ड सांभाळणाऱ्या छोट्या चिपला जोडलेली होती. सिस्टीम बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत एक चिठ्ठी ठेवी, "हे खरे सुरू होणे नाही, मी जिथे होतो तिथे मला पोचवा". मग ती कीबोर्डच्या चिपला सांगून प्रोसेसर रीसेट करवी. प्रोसेसर शुद्धीवर येई तो रिअल मोडमध्ये. चिठ्ठी वाचून काम पुढे चाले. पुढे याहून वेगाचे मार्ग सापडले, पण तत्त्व तेच राहिले. जुन्या घरी जायचे तर एकदा बेशुद्ध पडल्याशिवाय जाता येत नसे.

त्यामुळे ओएस/२ मध्ये डॉसचा एकच प्रोग्राम एका वेळी चालवता येई. तुम्ही दुसऱ्या कामाकडे वळलात की तो गोठून राही. रिअल मोडमध्ये संरक्षण नसल्यामुळे तो बिघडला तर अख्खी सिस्टीम घेऊन बुडे. लोकांनी त्या सोयीला 'शिक्षेची पेटी' असे नाव पाडले होते. ज्याने ३८६ चे महागडे मशीन घेतले होते त्यालाही हीच पेटी मिळाली, कारण सिस्टीमची रचनाच २८६ च्या मापाने बेतलेली होती.

आणि ज्याच्यासाठी हे सगळे केले, त्या एटीवाल्याला तरी काय मिळाले? ओएस/२ नीट चालायला काही मेगाबाइट रॅम लागे. बहुतेक एटी मशीनमध्ये तेवढी नसे. १९८८ मध्ये मेमरी चिपचा तुटवडा पडून भाव चढले होते. म्हणजे प्रोसेसर पात्र, पण मशीन अपात्र. कागदावर यादीत नाव आहे आणि हातात काही पडत नाही, हा अनुभव योजनांच्या मागे धावणाऱ्या आपल्या लोकांना नवा नाही. मला या गोष्टीत सर्वात महत्त्वाचे वाटते ते हेच. जुन्यांना सामावून घेण्याच्या नावाने सगळ्यांना खाली ओढले, आणि जुन्यांची खरी अडचण मेमरीची होती तिच्याकडे कोणी पाहिले नाही. ३८६ चा पुरा उपयोग करणारी ओएस/२ ची दुसरी आवृत्ती १९९२ मध्ये आली. ती चांगली होती. बँकांच्या एटीएममध्ये ही सिस्टीम पुढे अनेक वर्षे चालली. पण घराघरांतला डाव तोवर हातचा गेला होता.

एकाच खोक्यात तीन विंडोज

तो डाव जिंकला विंडोज ३.० ने, मे १९९० मध्ये. तांत्रिक गुणवत्तेत ती ओएस/२ पेक्षा कमी होती, पाळी लावण्याची तिची पद्धतही शेजाऱ्याच्या चांगुलपणावर चालणारी होती. पण जुन्या मशीनचा प्रश्न तिने वेगळ्या रीतीने सोडवला. सुरू होताना ती आधी मशीन तपासे. अगदी जुनी ८०८६ जातीची चिप असेल तर ६४० किलोबाइटमध्ये जमेल तेवढे करी. २८६ आणि एक मेगाबाइट असेल तर दुसऱ्या मोडमध्ये जाई. ३८६ आणि दोन मेगाबाइट असतील तर तिसऱ्या मोडमध्ये जाऊन एकाच वेळी अनेक डॉस प्रोग्राम वेगवेगळ्या खोल्यांत चालवी, त्यांची पाळी घड्याळाने लावी आणि डिस्कचाही मेमरीसारखा वापर करी. खोके एकच आणि बहुतेक प्रोग्रामही तेच. दुबळ्या मशीनला कमी मिळे, पण मिळे. सबळ मशीनला दुबळ्याच्या मापाचा सदरा घालावा लागत नसे. दोनच वर्षांनी आलेल्या ३.१ मध्ये सर्वात खालचा मोड काढून टाकला. पायऱ्या ठेवल्या आणि खालची पायरी वापरात उरली नाही तशी ती काढली.

विंडोज ९५ ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या या सिस्टीमने नव्या ३२ बिट प्रोग्रामांसाठी घड्याळाची पाळी आणली. पण ती ३८६ आणि अवघी चार मेगाबाइट रॅम असलेल्या मशीनवर चालली पाहिजे असे ठरले होते. पडद्यावर खिडक्या काढणारा, बटणे सांभाळणारा भाग नव्याने ३२ बिटमध्ये लिहिला असता तर तो जास्त मेमरी खाणार होता आणि जुन्या प्रोग्रामांशीही त्याचे जमले नसते. म्हणून त्यातला बराचसा भाग जुन्या १६ बिट स्वरूपातच ठेवला. त्या जुन्या भागात एका वेळी एकालाच जाता येई. म्हणून दाराला एकच कुलूप लावले होते. एखादा जुना प्रोग्राम आत जाऊन कुलूप धरून बसला, तर सर्वात नव्या प्रोग्रामच्या खिडक्याही गोठत. विंडोज ९५ किंवा ९८ वर ज्यांनी कॉम्प्युटर शिकला त्यांना ते वाळूचे घड्याळ आठवत असेल. त्यातले काही क्षण या कुलपामुळे होते.

इंजिनिअर मंडळी या तडजोडीला नावे ठेवतात. मला ती बरी वाटते. चार मेगाबाइटवाल्यांचे ओझे सर्वांनी थोडे थोडे वाटून घेतले, आणि १९९५ मध्ये चार मेगाबाइटवाले मूठभर नव्हते. शिवाय कायमची सोय म्हणून ती कोणी धरून ठेवली नाही. कंपनी त्याच काळात एनटी ही वेगळी, पूर्ण नव्या बांधणीची सिस्टीम बनवत होती. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली ती त्या पायावर, आणि घरगुती मशीनवरचे ते कुलूप गेले. याला कोणी मध्यम मार्ग म्हणेल. मी म्हणणार नाही. तो शब्द इतका स्वस्त करू नये. हा हिशेब होता, आणि तो त्या वेळी बरोबर होता.

दाराशी थांबवूनही दार उघडे

१९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या ३८६ मशीनसाठी एक सिस्टीम लिहायला घेतली. त्याने २८६ चा विचारच केला नाही. पेजिंग हवे, ते ३८६ पासून पुढे आहे, म्हणून ३८६ पासून पुढे. जगात तेव्हा २८६ मशीन भरपूर होती. त्या सर्वांना त्याने बाहेर ठेवले. नुसते त्या वर्षी पाहिले असते तर आपण म्हणालो असतो, आयबीएम माणुसकीची आणि हा विद्यार्थी श्रीमंतांच्या बाजूचा.

पुढे काय झाले ते पाहा. लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, ३८६ चा सपोर्ट काढायचे ठरले ते २०१२ च्या डिसेंबरमध्ये, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीत तो नव्हता. इंटेलने ती चिप बनवणे २००७ मध्येच थांबवले होते. काढण्याचे कारणही उघड सांगितले होते. मेमरीतली किंमत एकाच फटक्यात तपासून बदलण्याची जी आज्ञा अनेक प्रोसेसरांच्या कामात लागते, ती ४८६ पासून आली. ३८६ मध्ये ती नाही. त्यामुळे गाभ्यात सुधारणा करताना दर वेळी ३८६ साठी वेगळी वाट बांधावी लागे. लिनक्स ज्या जातीच्या मशीनवर जन्मली, त्या मशीनवर ती आता चालत नाही. पण तिथपर्यंत यायला २१ वर्षे लागली.

हे कसे जमले? माझ्या समजुतीप्रमाणे पहिले कारण असे की रेषा क्षमतेवर ओढली होती. ज्या यंत्रात पेजिंग आहे ते आत. मशीनचे वय किती, कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न नव्हता. पाया नीट असल्यामुळे पुढची यंत्रे त्यावर चढत गेली आणि जुन्यांसाठी सगळे घर वाकडे बांधावे लागले नाही. दुसरे, कर्नलचे भाग सुटे आहेत. लागतात तेवढे घ्यायचे, बाकी सोडायचे. तिसरे कारण मला सर्वात मोलाचे वाटते. सिस्टीमचा मूळ कोड खुला आहे. मुख्य मंडळींनी एखादे यंत्र सोडले तरी ज्याला त्याची गरज आहे तो स्वतः, किंवा दहा जण मिळून, ते चालू ठेवू शकतात. बाहेर पडलेल्याच्या हातात किल्ली राहते.

मात्र लिनक्स म्हणजे जादू नव्हे. कर्नल चालला तरी त्यावरचे जग पुढे सरकते. गुगलने ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम देणे २०१६ मध्येच थांबवले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीवर नव्याने इन्स्टॉल करण्याची सोय राहिलेली नाही. खुल्या प्रकल्पांतही तपासणी करणारी माणसे आणि त्यांचा वेळ मोजकाच असतो. जुन्या यंत्रांचे ओझे तिथेही कोणाच्या तरी खांद्यावर असतेच.

विंडोज ११ ची रेषा

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. रॅमची अट मोठी नाही. लाखो चांगली मशीन अडली ती टीपीएम आणि प्रोसेसरच्या यादीपाशी.

कारण सांगितले जाते सुरक्षेचे, आणि ते खोटे नाही. सिस्टीमचा सर्वात नाजूक भाग वेगळ्या आभासी भिंतीआड ठेवला की घुसखोरी अवघड होते. या भिंतीला प्रोसेसरची एक खास मदत लागते. ती जुन्या चिपमध्ये नाही. सॉफ्टवेअरने तिची नक्कल केली तर मशीन मंदावते. ज्या कॉम्प्युटरमध्ये आपल्या लोकांची आधार कार्डे, जातीचे दाखले, पासबुके स्कॅन करून ठेवलेली आहेत, तिथे सुरक्षा ही चैन नव्हे. 'आपल्याला कोण हॅक करणार' हे वाक्य मी बैठकांत अनेकदा ऐकते. हल्ला करणारे सॉफ्टवेअर जात-वर्ग पाहत नाही, उघडी खिडकी पाहते.

पण रेषा पूर्णपणे क्षमतेवर ओढलेली नाही. ती खास मदत सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्येही आहे. तरी मोजके अपवाद सोडता सातवी पिढी बाहेर राहिली. म्हणजे रेषेचा काही भाग क्षमतेचा आणि काही भाग कॅलेंडरचा. शिवाय विंडोज १० च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या बनणे थांबलेलेही नाही. घरगुती वापरकर्त्यांना अटीवर किंवा पैसे भरून एक वर्षाची, आणि संस्थांना वाढत्या दराने तीन वर्षांपर्यंतची जादा मुदत कंपनीने ठेवली. दुरुस्ती तयार असते, ती कोणाला द्यायची एवढाच प्रश्न उरतो. आणि कोड बंद असल्यामुळे बाहेर राहिलेल्यांना ती स्वतः करता येत नाही. माझा आक्षेप इथे आहे. रेषा ओढायला हरकत नाही. प्रत्येक सिस्टीमला कुठेतरी थांबावे लागते. पण रेषा ओढणारा तोच, किल्ली ठेवणारा तोच आणि जादा मुदत विकणाराही तोच, ही व्यवस्था आपल्या ओळखीची आहे.

अभ्यासिकेत काय करावे

दानात आलेले मशीन ६४ बिटचे आहे का हे आधी पाहावे. साधारण २००८ नंतरची बहुतेक डेस्कटॉप मशीन असतात. ३२ बिटचे असेल तर आजच्या ब्राउझरच्या दृष्टीने त्यात जीव घालण्यात अर्थ नाही, विनम्रपणे नाकारावे. दान नाकारू नये असा आपल्याकडे संकोच असतो, पण मग ते भंगार विहाराच्या माडीवर वर्षानुवर्षे पडून राहते. काही वेळा आतली रॅम आणि डिस्क काढून घेतलेली असते. खोके उघडून पाहिल्याशिवाय पोच देऊ नये.

पैसे थोडेच असतील तर ते फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्यात घालावेत. वर कपाटाच्या खेपांचे उदाहरण दिले ते यासाठी. एसएसडीमुळे कपाट टेबलाच्या बरेच जवळ येते. त्यानंतर रॅम. चार जीबीत काम निघते, आठ असेल तर निवांत. मेमरीतलीच काही पाने दाबून, लहान करून ठेवण्याची 'झेडरॅम' नावाची सोय लिनक्समध्ये आहे, ती कमी रॅमच्या मशीनवर जरूर चालू करावी. प्रोसेसरला थोडे जास्त काम पडते, पण डिस्ककडच्या खेपा वाचतात. सिस्टीम म्हणून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हलकी आहे. आपल्या सी-डॅकची बॉस हीसुद्धा लिनक्सच आहे आणि भारतीय भाषांचा विचार करून बनवलेली आहे.

आजच्या घडीला जुन्या मशीनला सर्वात जास्त दमवतो तो ब्राउझर. सुरक्षेसाठी तो साधारणपणे वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र खोल्यांत ठेवतो. एक कोसळली तर बाकीच्या वाचतात, एकीला दुसरीचे पासवर्ड दिसत नाहीत. त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. महाडीबीटीचा अर्ज भरताना मागे यूट्यूबचे चार टॅब उघडे ठेवले, की मशीन अर्ध्यात अडकते आणि दोष पोर्टलला जातो. (पोर्टलचे दोष वेगळे आहेत, पण तो दुसऱ्या लेखाचा विषय.) अर्ज भरायच्या मशीनवर बाकी काही उघडायचे नाही, हा नियम भिंतीवर लिहून लावावा.

आठ-दहा जुनी मशीन असतील तर आणखी एक वाट आहे. एकच चांगले मशीन घ्यायचे, सोळा किंवा बत्तीस जीबी रॅमचे, आणि बाकीची त्याला केबलने जोडून नुसते पडदे आणि कीबोर्ड म्हणून वापरायची. काम सगळे मोठ्या मशीनवर होते, जुन्यांना फक्त चित्र दाखवायचे असते. लिनक्समध्ये एलटीएसपी नावाची व्यवस्था १९९९ पासून यासाठी आहे. तिला जाणकार माणूस लागतो. आपल्या वस्त्यांत आयटीआय आणि पॉलिटेक्निक झालेली मुले आहेत, त्यांना हे काम सोपवून पाहा. एक मशीन बंद पडले तर सगळे बंद, हा यातला धोका आहे. तो पत्करायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

एक अडचण मात्र लिनक्सने सुटत नाही. आपल्या मंडळांच्या जुन्या स्मरणिका, चौदा एप्रिलची पत्रके, धम्म परिषदांची इतिवृत्ते अनेक ठिकाणी श्री-लिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. युनिकोडवर चालणाऱ्या सिस्टीममध्ये ती उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. वस्तीचा पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास त्या फाइलींत आहे. त्यासाठी जुन्या विंडोजचे एक मशीन आहे तसे ठेवावे. त्याची नेटची वायर काढून टाकावी. त्यातल्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्यात आणि मूळ छापील प्रत शेजारी ठेवून वाचून घ्याव्यात, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात. सगळ्या फाइली तपासून होईपर्यंत ते मशीन कितीही जुने दिसले तरी भंगारवाल्याला देऊ नये.